गिझर मोठा कर

जोतीरामाला बारामतीत दोन नावं होती. एक दुकानाच्या पाटीवर होतं, 'जोतीराम गॅस शेगडी व गिझर दुरुस्ती', आणि ते फक्त नवख्या माणसांसाठी. बाकी सगळे त्याला खिडकीवाला म्हणायचे. कुणाच्याही घरी गेला की गिझरकडं बघायच्या आधी तो न्हाणीघराची खिडकी बघायचा. खिडकी नसली, किंवा असून बंद असली, की हातातली पिशवी खाली ठेवायचा नाही.

"अवो, गिझर बिघडलाय, खिडकी न्हाय," बायका म्हणायच्या.

"गिझरला कळतंय ते तुमाला कळंना झालंय, म्हणून तो बंद पडतोय," तो म्हणायचा. "जाळाला वारं लागतं. कोंडलेल्या खोलीतलं वारं त्यानं खाल्ल्यावर तुमी काय खाणार?"

त्याची बायको रतन सगळ्यांना सांगायची, "ह्यांच्या घरात मांजरंसुद्धा दारानं येत न्हाईत. खिडक्याच एवढ्या उघड्या."

जोतीराम मूळचा कोऱ्हाळे बुद्रुकचा. बाप लग्नात गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचा. वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणाऱ्या माणसांच्या मागं तो पिन आणि स्पिरिटची बाटली घेऊन फिरायचा. बत्तीच्या आवाजावरून ती कधी फडफडणार हे त्याला आधी कळायचं. त्यानं पोराला दोन गोष्टी शिकवल्या. एक, जाळाला कान द्यायचा. दुसरी, जाळाला कधी विझव म्हणायचं नाही. बांगडी फुटली तर आपण वाढवली म्हणतो, तसंच हे. बत्ती विझवायची असली की म्हणायचं, बत्ती मोठी कर. पोरगा लहानपणी फसायचा. बाप म्हणायचा मोठी कर, हा पंप मारायला धावायचा, आणि पाठीत धपाटा बसायचा. पुढं सवय झाली ती कायमची. पन्नाशी उलटली तरी शेगडी बंद करायची असली की जोतीराम म्हणायचा, "जरा मोठी करा."

बत्त्या गेल्या, स्टोव्ह गेले, गॅसच्या शेगड्या आल्या, मग गिझर आले. गिझरवर त्याचा जीव बसला. तो म्हणायचा, हे चांगल्या घरासारखं आहे, एकमेकाला विचारल्याशिवाय इथं काही पेटत नाही. नळ सोडला की पाण्याचा दाब आतल्या रबरी पडद्याला ढकलतो. पडदा दांडीला ढकलतो, दांडी बटण दाबते. मग दोन सेलवर चालणारा काळा डबा टक टक टक ठिणग्या टाकतो आणि गॅसला वाट देतो. जाळ लागला की जाळात उभी असलेली एक बारीक काडी डब्याला सांगते, लागला रे बाबा. टकटक थांबते. काडीनं काही सांगितलं नाही, तर डबा थोडा वेळ वाट बघतो आणि गॅस तोडतो. आणि पेटीच्या वरच्या अंगाला नखाएवढी एक गोल कळ असते. पेटी नको तेवढी तापली की ती सगळ्यांचं तोंड बंद करते.

ह्या नखाएवढ्या कळीपायी जोतीरामानं इंदापूर सोडलं होतं. पण हे कुणाला माहीत नव्हतं, रतनलासुद्धा नाही. इंदापुरात धंदा चांगला चालला असताना सहा वर्षांमागं माणूस एकाएकी उठून बारामतीला आला. लोकांनी आपापल्या परीनं कारणं लावली. त्यानं एकही खोडलं नाही.

मग एका गुरुवारी सकाळी फोन आला.

"जोतीराम व्हय? मी द्वारकाबाई. नरसिंहपूरच्या वाटंवरची. हिंदुराव आबांच्या घरातनं बोलतीया."

जोतीराम खुर्चीवर बसला.

"तुझा नंबर अजून गिझरवर चिकटलाय बघ. सेल बदलून दे बाबा. टकटक मंद झालीया."

"आत्या, तो गिझर अजून चालतोय?"

"चालतोय म्हंजे, आपला आपण चालतोय." म्हातारी हसली. "रोज बाराला पेटतो. नळ बंद असतो, न्हाणीत कुणी नसतं. तुझे आबा व्हते तवा बाराला रानातनं येऊन न्हायचे ना? तसंच. नातू झालाय आमाला. त्याच्यासाठी पाणी तापवत्यात, दुसरं काय. आज बारावा दिस हाय. दुपारी बाळ-बाळंतिणीला त्याच न्हाणीत न्हाऊ घालायचंय. त्याआधी ये."

"आत्या, मी येईस्तवर कुणाला आत पाठवू नका."

"आरं, बाराच्या आधी कोण जातंय? पाणी तर ते तापवणार."

फोन ठेवल्यावर जोतीरामाला किल्ली सापडेना. रतननं किल्ली हातात दिली. "चेहरा असा का झालाय?" तिनं विचारलं. तो फटफटीला लाथ मारून निघाला.

इंदापूरपर्यंत दोन्ही अंगांना ऊस होता. त्याला दिसत होतं ते वेगळंच. सहा वर्षांमागचा मार्गशीर्ष. हिंदुराव आबा साबणाचा फेस अंगावर घेऊन दारात उभे, आणि म्हणतायत, "जोतीराम, तुझा गिझर नव्या नवरीवानी रुसतोय रं. डोक्यावर पाणी घेतलं की बंद." त्या दिवशी त्याला आणखी तीन घरं होती. आबांची न्हाणी दगडी, बुटकी. खिडकीत थंडीपायी गोधडी कोंबलेली. ती नखाएवढी कळ पुन्हा पुन्हा गॅस तोडत होती. ती खोटं सांगत नव्हती. त्यानं खिडकीकडं बघितलं नाही. पक्कडीनं कळीच्या दोन तारा कापल्या, एकमेकींना पिळल्या, वर काळी चिकटपट्टी लावली.

"डायरेक्ट केलं, आबा. आता रुसायचा न्हाय."

गिझर खरंच रुसला नाही. तिसऱ्या आठवड्यात हिंदुराव न्हाणीत पडलेले सापडले. वय बहात्तर. हृदय बंद पडलं, सगळे म्हणाले. कुणी गिझरचं नाव काढलं नाही. जोतीराम दहाव्याला गेला, पंगतीला बसला, जेवला, आणि न्हाणीच्या बाजूला मान न वळवता परत आला. महिन्याच्या आत त्यानं इंदापूर सोडलं.

साडेअकराला तो वस्तीवर पोचला. द्वारकाबाई ओट्यावर बसून बाळाची लंगोटी घडी करत होत्या.

"थकलास की रं," त्या म्हणाल्या. "मी म्हातारी झाले ते ठीक. तू कशापायी?"

घर बदललं होतं. मुलानं, इंद्रजितनं, पुढच्या बाजूला नवीन न्हाणीघर बांधलं होतं, वर सोलर बसवला होता. जुनी न्हाणी आबा गेल्यापासून कुलपात होती. सून राजलक्ष्मीचं हे दुसरं बाळंतपण, म्हणून ते सासरीच झालं. नवीन न्हाणीघर मोठं, वाऱ्याचं. बाळंतिणीला वारं लागेल म्हणून द्वारकाबाईंनी जुनीचं कुलूप काढलं. भिंतीमागं सिलिंडर जोडला. त्याच दिवशी बाराला आतून टकटक ऐकू आली.

"भ्यालो की आमी," म्हातारी म्हणाली. "भर दुपारच्या पारी. मग दाराच्या फटीतनं बघितलं, निळा जाळ. तवा वळखलं. म्हणलं, एवढ्या वक्तशीर माणसाला काय भ्यायचं?"

जोतीराम आत गेला. दगडी भिंती, तोच वास, ओल्या चुन्याचा आणि शिकेकाईचा. भिंतीवर गिझर, गिझरवर त्याच्याच नावाचा पिवळा पडलेला कागद. खिडकीत गोधडी.

"आत्या, गिझर उतरवतो मी. न्हाणं चुलीवरच्या पाण्यानं घाला."

"का? सेल आणलं न्हाईस?"

"खिडकी तरी मोकळी करा."

"आरं, बारा दिवसांचं पोर हाय. वारं लागलं तर तू बघणार हायस का त्याच्याकडं?"

"गिझरला वारं पायजे."

"बाळंत सून झालीया, गिझर न्हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. हे बोलताना हसल्या, पण उठून त्यांनी न्हाणीचं दार बाहेरून लोटून घेतलं. "आत ऊब राहू दे. पोराला आणायच्या आधी. तू तुझं काम कर, मग जेवूनच जा."

एक वाक्य बोलायचं होतं त्याला. आत्या, ह्याची कळ मी तोडलीय. एवढंच. ते घशाशी आलं आणि तिथंच बसलं. मनात दुसरंच यायला लागलं. तारा गुपचूप जोडून टाकाव्यात. गिझर पुन्हा रुसायला लागेल, कळ आपली आपण गॅस तोडेल, पोर वाचेल, आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. त्यानं पिशवीतून पेचकस काढला. पेटीचं झाकण उघडलं. काळी चिकटपट्टी होती तिथंच होती. उन्हाळे-पावसाळे गेले, पण त्याच्या हातचं काम पक्कं.

त्यानं पट्टीला नख लावलं, आणि नळातून सूं आवाज झाला.

पाइप थरथरला. आत पडदा फुगला, थप्. मग ते सुरू झालं. टक. टक. टक. सावकाश, एखादा माणूस आत येऊ का म्हणून दार वाजवतो तसं. जोतीरामानं नळाकडं बघितलं. नळ बंद होता. तोटीतून सुतासारखी बारीक धार मात्र लागली होती. भप्प करून जाळ लागला. त्यानं मनगटावर बघितलं. बारा.

बंद करायची खुंटी त्यानं धरली. खाऱ्या पाण्यानं ती जागच्या जागी बसली होती, हलेना. सेलचा कप्पा गंजून चिकटला होता, तोही उघडेना. जाळ आधी निळा होता. थोड्या वेळानं त्याच्या शेंड्याला पिवळं दिसायला लागलं. पेटी तापत चालली. वरची कळ आत बारीक चट् वाजली. ती आपलं काम करत होती, तिचं ऐकायला तार नव्हती. जोतीराम पक्कड शोधत वाकला आणि त्याला वाटलं, भिंती जवळ आल्यात. कपाळात ठोके पडत होते. कोपऱ्यातल्या दगडावर कुणीतरी पाठमोरं बसलंय असं वाटलं, आणि त्या पाठीवर साबणाचा फेस होता. तो तिकडं बघत राहिला. बघू नये हे कळत होतं.

मग बापाच्या वेळची सवय तोंडातून निघाली. भिंतीमागं सिलिंडर होता, बाहेर कुणीतरी असणारच. तो ओरडला,

"गिझर मोठा कर! मोठा कर गं!"

भिंतीपलीकडून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला. थंड, एकसुरी, झोपेत बोलल्यासारखा.

"मोठाच हाय, आबा."

जोतीरामानं खांदा देऊन दार ढकललं आणि उन्हात येऊन गुडघ्यांवर पडला. उठला, भिंतीमागं गेला, रेग्युलेटरचं बटण फिरवलं. आतला जाळ गेला.

सिलिंडरपाशी राजलक्ष्मी उभी होती. डोक्याला फडकं, हातात बाळाचं दुपटं. चेहरा पांढराफटक पडला होता. द्वारकाबाई मागून धापा टाकत आल्या.

"तू कशापायी बाहेर आलीस?" त्यांनी सुनेला विचारलं.

राजलक्ष्मी जोतीरामाकडं बघत होती. "तुमी असं का म्हणलात? तेच का म्हणलात?"

"काय म्हणलो?"

"मोठा कर." तिनं सिलिंडरच्या बटणाकडं बघितलं. "त्या दिवशी आबा आतनं असंच म्हणले. मी इथंच उभी होते, कपडे वाळत घालत. लग्न होऊन दोन महिने झाले होते. मला वाटलं, पाणी गार येतंय. मी बटण बघितलं, पूर्ण चालू होतं. मी म्हणाले, मोठाच हाय, आबा. ते अजून एकदा म्हणले. मी तेच सांगितलं. आन भाकरी टाकायला गेले." तिनं दुपटं घट्ट धरलं. "मग मी कुणाला बोलले न्हाय."

राजलक्ष्मी सोलापूर शहरात वाढलेली. तिच्या घरी मोठा म्हणजे मोठाच. द्वारकाबाईंना मात्र कळलं. त्या मटकन पायरीवर बसल्या. "ते दिवा मालवतानाबी मोठा करच म्हणायचे," त्या पुटपुटल्या. "पोरी, ते विझव म्हणत होते."

राजलक्ष्मीला जे कळायला नको होतं ते आत्ता, भर उन्हात, सगळं कळत चाललं होतं.

जोतीराम उभा होता. त्यानं एक शब्द काढला नसता तरी चाललं असतं. सगळं त्या पोरीच्या अंगावर गेलंच होतं, आणि तिनं ते घेतलंही होतं. सहा वर्षं घशात बसलेलं वाक्य त्याच जागी राहिलं असतं, पिळलेल्या तारेसारखं, पट्टीखाली.

"तुमचं काय न्हाय, ताई," तो म्हणाला. "तुमी बटण बंद केलं असतं तर आबा वाचले असते कदाचित. पण तुमाला बंद करायला लागावं अशी येळच यायला नको होती. जास्त तापलं की गिझर आपला बंद पडतो. ती कळ मी तोडली. तारा कापून डायरेक्ट केलं. घाईत होतो. चला आत, दाखवतो. श्वास रोखून या, आन दार उघडं ठेवा."

त्यानं पट्टी काढून दाखवली. तांब्याच्या दोन तारा, वेणीसारख्या पिळलेल्या.

द्वारकाबाई बराच वेळ त्या तारांकडं बघत होत्या. मग खिडकीपाशी गेल्या आणि गोधडी ओढायला लागल्या. घट्ट बसली होती. ती खिडकीत कुणी कोंबली होती हे कुणी विचारलं नाही. गोधडी निघाली तसं उजेडाचं एक चौकोनी भगदाड पडलं, आणि वारं आत आलं. त्यांनी गोधडीची घडी घातली, चारी कोपरे जुळवून, आणि छातीशी धरली.

"दहाव्याला तू जेवून गेलास की रं," त्या म्हणाल्या.

जोतीरामानं मान खाली घातली.

"आज उपाशी जा. आन हे घेऊन जा भिंतीवरनं."

त्यानं गिझर उतरवला, नळाचं तोंड बंद केलं, सिलिंडरची नळी काढली. काम करता करता तो सांगत होता, कारण कळलेलं बरं. घराची पाण्याची लाइन शेताच्या मोटारीच्या लाइनीला जोडली आहे. मोटारीला ऑटो-स्टार्टर लावलाय. बाराला लाईट आली की मोटार आपली आपण सुरू होते, दाबानं पाणी उलटं घरात घुसतं, झिजलेल्या नळातून धार निघते, पडद्याला वाटतं नळ सोडला. त्यात भुताचं काही नाही.

तेवढ्यात इंद्रजित रानातून आला. अंगणात गिझर, आई पायरीवर, बायको रडतेय. त्यानं सगळं ऐकून घेतलं. बापाच्या मरणाचं ऐकताना तो जोतीरामाच्या अंगावर जाईल असं वाटलं, पण तो हातपाय धुवायचे विसरून उभाच राहिला. मग म्हणाला,

"मोटारीचं काय म्हणलास?"

"बाराला लाईट येती तवा."

"मागल्या आठवड्यात येत होती. सोमवारपासनं आमची लाईट रात्रीची हाय." त्यानं विहिरीकडं बोट केलं. "दिवसा मोटार कुठली चालतीया? दोर सोडून पाणी काढलंय आता मी."

अंगणात गिझर आडवा पडला होता, आणि त्याच्या पाइपातून एक थेंब पडायचा राहिला होता, तो पडला.

"ते गेले तवाबी बाराच वाजले व्हते," द्वारकाबाई हळू म्हणाल्या, आणि मग सुनेला म्हणाल्या, "चुलीवर पाणी ठेव म्हणावं इंद्राला. तू नगं उठू. पोराला उन्हातच न्हाऊ घालू. वारं लागलं तर लागलं."

जोतीराम वस्तीच्या बाहेर पडला तेव्हा मागून बाळाचं रडणं ऐकू आलं. अंगावर पहिलं पाणी पडल्यावरचं, भरल्या छातीचं. तो तिथं फटफटी थांबवून ते संपेपर्यंत ऐकत राहिला.

संध्याकाळी त्यानं रतनला सगळं सांगितलं. तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "म्हणून खिडक्या व्हय."

तो गिझर भंगारात गेला नाही. दुकानाच्या भिंतीवर टांगलाय. नळ नाही, गॅस नाही, सेलचा कप्पा कापून काढलाय. पेटी उघडी आहे आणि पिळलेल्या तारा दिसतात. कुणी गिऱ्हाईक म्हणालं, "सारखा बंद पडतोय, डायरेक्ट करून द्या," की जोतीराम त्याला स्टुलावर बसवतो आणि ती गोष्ट सांगतो. आबांचं नाव घेत नाही, स्वतःचं घेतो. काही गिऱ्हाइकं दुसऱ्याकडं जातात. जाऊ देतो.

बारा वाजायच्या बेताला मात्र तो हातातलं काम खाली ठेवतो. दुकानाचं मागचं झडप उघडतो आणि भिंतीकडं कान देऊन उभा राहतो. रतननं एकदा विचारलं, काही ऐकू येतं का. तो म्हणाला, "न्हाय. आजवर तरी काय न्हाय."

"मग रोज 'मोठा केलाय, आबा' असं कुणाला सांगता?" रतन म्हणाली.

त्यानं झडप थोडं आणखी उघडलं.